परक्याचा कोड स्वीकारताना : मुक्तस्रोत प्रकल्पांतील योगदाननियमांचा आढावा

१. प्रश्नाचे स्वरूप

ज्याचा मूळ कोड कोणालाही वाचता, वापरता, बदलता आणि पुढे वाटता येतो ते मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, ही व्याख्या आता बरीच रुळली आहे. मात्र तिच्यातून एक गैरसमज हमखास निर्माण होतो, तो असा की कोड सर्वांना खुला असल्यामुळे मूळ प्रकल्पात भर घालण्याचा अधिकारही सर्वांना आपोआप मिळतो. वस्तुतः परवान्याने मिळणारे स्वातंत्र्य स्वतःजवळची प्रत बदलण्याचे असते. तो बदल मूळ प्रकल्पाने सामावून घेतलाच पाहिजे, असे बंधन कोणताही मुक्तस्रोत परवाना घालत नाही. स्वीकाराचा निर्णय मेंटेनरकडे, म्हणजे प्रकल्पाच्या एखाद्या भागाची राखण करणाऱ्या आणि आलेले बदल तपासून ते घ्यायचे की परत करायचे हे ठरवणाऱ्या व्यक्तीकडे असतो. बदल कोणत्या स्वरूपात पाठवावा, त्यासोबत कोणती माहिती द्यावी, कोणत्या चाचण्या आधी कराव्यात, हे सांगणारा एक दस्तऐवज बहुतेक मोठे प्रकल्प कोडसोबतच ठेवतात. प्रस्तुत लेखात अशा दस्तऐवजांना ‘योगदाननियम’ म्हटले आहे.

हे नियम वरवर पाहता कारकुनी वाटतात; परंतु त्यांच्यामागे एक खरा पेच आहे. बदल देणाऱ्याचे काम तो स्वीकारला गेला की बहुधा संपते, तर मेंटेनरच्या बाजूने त्या कोडची उस्तवार तेथून सुरू होते, कारण पुढे कित्येक वर्षे त्यात सापडणाऱ्या चुका, सुरक्षेतील भोके आणि इतर भागांशी उडणारे खटके त्यालाच निस्तरावे लागतात. योगदाननियमांविषयीचे जवळजवळ सर्व वाद या हस्तांतराभोवती फिरतात : पुढची जबाबदारी कोणाच्या अंगावर पडणार आणि ती पडण्याआधी देणाऱ्याकडून कशाची हमी घ्यायची.

२. पूर्वपीठिका

रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाले, तेव्हा योगदानाची मुख्य अट कायदेशीर होती. ग्नूच्या अनेक प्रमुख आज्ञावलींत भर घालणाऱ्याने आपल्या कोडचा कॉपीराइट लेखी कागदाने फाउंडेशनच्या नावे करावा, म्हणजे परवान्याचा भंग झाल्यास एकच संस्था न्यायालयात उभी राहू शकेल, अशी ही व्यवस्था होती. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्स कर्नलने, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याने, वेगळी वाट धरली. तेथे कॉपीराइट ज्याचा त्याच्याकडेच राहिला, बदल ईमेलने येऊ लागले आणि कोणाचा बदल कोणत्या मार्गाने पुढे सरकतो याचे संकेत लेखी होण्याआधी वहिवाटीने ठरले. एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये ‘द कॅथीड्रल अँड द बझार’ या निबंधात याच मोकळ्या पद्धतीचे समर्थन केले. मात्र बाजार जितका मोठा होत गेला तितकी त्याला नियमांची गरज भासू लागली, हे त्यानंतरच्या पंचवीस वर्षांच्या इतिहासातून स्पष्ट दिसते.

२००५ मध्ये टोरवाल्ड्स यांनी गिट ही कोडच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली लिहिली आणि २००८ मध्ये तिच्यावर आधारित गिटहब ही सेवा सुरू झाली. तिने ‘पुल रिक्वेस्ट’ ही पद्धत, म्हणजे आपल्या प्रतीतील बदल मूळ प्रकल्पाने ओढून घ्यावा अशी एका कळीने करता येणारी विनंती, सर्वत्र रूढ केली. तोवर परस्परांना ओळखणाऱ्या मर्यादित वर्तुळात जे संकेत न सांगता पाळले जात होते, ते आता कधीही न भेटलेल्या हजारो लोकांना लिहून सांगणे भाग पडले. २०१२ मध्ये गिटहबने बदल पाठवणाऱ्याच्या समोर प्रकल्पाच्या योगदाननियमांचा दुवा आपोआप ठेवण्याची सोय केली आणि ‘काँट्रिब्युटिंग’ नावाची फाईल हा प्रघात झाला.

३. पॅचची शिस्त : एक जवळून पाहिलेले उदाहरण

योगदाननियम प्रत्यक्षात काय मागतात हे समजण्यासाठी लिनक्स कर्नलकडे पाहणे सोयीचे आहे, कारण तेथील नियम सर्वांत जुन्या आणि सर्वांत कडक नियमांपैकी आहेत. कर्नलसाठी ‘पॅच’, म्हणजे जुन्या आणि नव्या कोडमधील फरकाचा मजकूर, आजही साध्या ईमेलच्या अंगात लिहून पाठवावा लागतो. तो जोडपत्र म्हणून चालत नाही, कारण तपासणाऱ्याला एकेका ओळीखाली आपला शेरा लिहिता आला पाहिजे. विषयाच्या ओळीत आधी कर्नलच्या संबंधित उपविभागाचे नाव आणि मग बदलाचे सार येते, आणि हे सार ‘असे कर’ अशा आज्ञार्थी वाक्यात लिहायचे असते. त्याखालच्या मजकुरात काय बदलले यापेक्षा का बदलले हे सांगायचे असते, कारण काय बदलले ते पॅचमध्ये दिसतेच. पूर्वीच्या एखाद्या बदलाने घातलेली चूक दुरुस्त होत असेल, तर त्या बदलाच्या ओळखक्रमांकाची पहिली बारा अक्षरे आणि त्याचे शीर्षक ‘फिक्सेस’ या शब्दापुढे नोंदवावे लागते, म्हणजे जुन्या स्थिर आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना ही दुरुस्ती कोठपर्यंत मागे न्यायची ते कळते. मजकुराच्या शेवटी तीन आडव्या रेघा येतात. त्यांच्याखाली लिहिलेले कायमच्या इतिहासात जात नाही, म्हणून ‘दुसऱ्या आवृत्तीत अमुक सूचनेप्रमाणे तमुक बदलले’ ही तात्पुरती टिपणे तेथे लिहायची. उत्तर आले नाही तर आठवण देण्यापूर्वी किमान आठवडाभर थांबावे, इतका तपशील या नियमांत आहे.

या शिस्तीचे समर्थक सांगतात की दहा वर्षांनी एखादी ओळ का लिहिली गेली हे शोधणाऱ्याला त्या वेळचा लेखक भेटणार नाही, भेटेल ती फक्त ही नोंद. हा युक्तिवाद वजनदार आहे, आणि कर्नलचा इतिहास उलगडत एखाद्या बदलाच्या कारणापर्यंत पोहोचलेल्या कोणालाही त्याची किंमत पटते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की ईमेलची ही रीत नव्या पिढीला परकी आहे, तिच्यासाठी मेल पाठवणाऱ्या आज्ञावलीची वेगळी जुळणी करावी लागते, आणि चांगला कोड लिहू शकणारे अनेक जण या उंबरठ्यावरूनच परत जातात. इगोर श्टाइनमाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवागतांसमोरच्या अडचणींचा जो अभ्यास केला, त्यात तांत्रिक अडथळ्यांबरोबरच उत्तर न मिळणे, कोणाला विचारावे हे न कळणे आणि प्रकल्पाची विखुरलेली कागदपत्रे यांनाही मोठे स्थान मिळाले आहे.

उंबरठा खाली आणला की काय होते याचेही दाखले उपलब्ध आहेत. ‘हॅक्टोबरफेस्ट’ या वार्षिक उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यास टी-शर्ट मिळत असे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये रीडमी फाईलमध्ये एखादे कौतुकाचे विशेषण घालणाऱ्या निरर्थक विनंत्यांचा इतका लोंढा आला, की संमती देणाऱ्या प्रकल्पांपुरताच उपक्रम मर्यादित ठेवण्याचा बदल आयोजकांना काही दिवसांतच करावा लागला. २०२४ च्या सुरुवातीस ‘एक्सप्रेस’ या प्रकल्पात हेच घडले. एका भारतीय शिकवणीच्या चित्रफितीत पुल रिक्वेस्टचे प्रात्यक्षिक त्या प्रकल्पावर दाखवले गेले आणि शिकणाऱ्यांनी रीडमीत आपापली नावे घालून ती खरोखरच पाठवली. या मुलांचा हेतू वाईट नव्हता. सरावासाठी स्वतःची प्रत असते आणि मूळ प्रकल्पाच्या दारात माणसे बसलेली असतात, हा भेद त्यांना कोणी सांगितला नव्हता. भारतीय अभियांत्रिकी शिक्षणात मुक्तस्रोताची गोडी वाढत असताना ही उणीव गंभीरपणे घेण्यासारखी आहे.

४. कोडचा मालक कोण : हमी आणि करार

कायदेशीर अटींच्या बाबतीत आज दोन मुख्य पद्धती समोरासमोर आहेत. पहिलीचा उगम एका खटल्यात आहे. मार्च २००३ मध्ये एससीओ ग्रुप या कंपनीने आयबीएमवर दावा लावला आणि युनिक्सचा संरक्षित कोड लिनक्समध्ये घुसवल्याचा आरोप केला. कर्नलमधील कोणती ओळ कोणाकडून, कोणत्या हक्काने आली याची सलग नोंद तेव्हा नव्हती. त्यावर उपाय म्हणून २००४ मध्ये ‘डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन’ हे छोटे प्रमाणपत्र आले. हा कोड आपण लिहिला आहे किंवा तो देण्याचा हक्क आपल्याला आहे, एवढीच हमी त्यात असते आणि प्रत्येक पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ या ओळीत नाव आणि ईमेल लिहून ती दिली जाते. पॅच ज्यांच्या हातून पुढे जातो ते मेंटेनरही आपापली ओळ जोडतात, त्यामुळे कोडच्या प्रवासाची साखळी तयार होते.

दुसरी पद्धत योगदान-परवाना कराराची. अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन आपल्या नियमित योगदानकर्त्यांकडून असा करार घेते, आणि गूगलसारख्या कंपन्याही आपल्या प्रकल्पांसाठी तो मागतात. कॉपीराइट लेखकाकडे राहिला तरी कोडचा व्यापक परवाना, पुष्कळदा पेटंटच्या परवान्यासह, संस्थेला मिळतो. समर्थकांच्या मते यामुळे कायदेशीर स्थिती स्पष्ट होते आणि परवाना पुढे बदलणे भाग पडले तर हजारो लोकांना शोधत बसावे लागत नाही.

याच शेवटच्या मुद्द्यावर आक्षेप उभा राहतो. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्प या कंपनीने टेराफॉर्मसह आपली उत्पादने मुक्तस्रोत परवान्यातून काढून ‘बिझनेस सोर्स लायसन्स’ या मर्यादित परवान्याखाली नेली, तेव्हा अनेक योगदानकर्त्यांना आपल्या कोडचे पुढे काय होऊ शकते हे प्रथमच जाणवले. त्यातून ‘ओपनटोफू’ ही स्वतंत्र शाखा निघाली. करार एखाद्या ना-नफा संस्थेशी असणे आणि एका कंपनीशी असणे यांत मोठा फरक आहे, असे आता अनेक जण मानतात, आणि तो फरक मान्य करणे न्याय्यही आहे. दरम्यान फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या जुन्या व्यवस्थेतही सैलपणा आला : जून २०२१ मध्ये जीसीसी या ग्नूच्या प्रमुख संकलकाने कॉपीराइट सोपवण्याची सक्ती काढून प्रमाणपत्राचा पर्याय खुला केला. मात्र प्रमाणपत्राची नुसती एक ओळ न्यायालयात कितपत टिकेल, या प्रश्नाचे निर्णायक उत्तर अजून मिळालेले नाही.

५. वागणुकीचे नियम

कोड तपासताना कोणत्या भाषेत बोलावे हा प्रश्न दीर्घकाळ योगदाननियमांच्या बाहेर मानला जात होता. कोरालाइन एडा एमके यांनी २०१४ मध्ये तयार केलेल्या ‘काँट्रिब्यूटर कव्हनंट’ या आचारसंहितेने तो आत आणला. कर्नलमध्ये २०१५ पासून एक त्रोटक दस्तऐवज होता. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी आपल्या कठोर बोलण्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त करून काही काळ रजा घेतली आणि त्याच सुमारास कर्नलने या आचारसंहितेवर आधारित नवी संहिता स्वीकारली.

विरोधकांना भीती अशी, की कोडच्या गुणवत्तेवरील परखड टीकाही गैरवर्तन ठरेल आणि तांत्रिक निर्णयांत बाहेरचे निकष शिरतील. समर्थकांच्या मते गुणवत्तेचा निकष आजही निखळ नाही. त्यांच्या बाजूने २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वारंवार दाखवला जातो. गिटहबवरील स्त्रियांच्या पुल रिक्वेस्ट एकंदरीत पुरुषांपेक्षा अधिक प्रमाणात स्वीकारल्या जातात, परंतु प्रकल्पाला अपरिचित आणि प्रोफाइलवरून स्त्री म्हणून ओळखू येणाऱ्या योगदानकर्तींच्या बाबतीत हे प्रमाण घसरते, असे त्यात आढळले. संहिता स्वीकारल्याने हे चित्र किती बदलले, हे अद्याप पुरेशा खात्रीने मोजले गेलेले नाही. संहितांमध्ये अंमलबजावणीचे कलम बहुतेक ठिकाणी मोघम असते, ही उणीव मात्र दोन्ही बाजू मान्य करतात.

६. ओळख आणि विश्वास

एप्रिल २०२१ मध्ये उघड झाले की अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी कर्नलच्या तपासणीची परीक्षा घेण्यासाठी जाणूनबुजून दोष असलेले पॅच पाठवले होते. कर्नलचे एक मेंटेनर ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे बदल नाकारण्याचे जाहीर केले, संशोधन-निबंध मागे घेतला गेला आणि विद्यापीठातून पूर्वी आलेल्या ४३५ बदलांची फेरतपासणी करावी लागली. त्यांतील बहुसंख्य योग्य ठरले. तरीही त्या फेरतपासणीत गेलेले अनेकांचे श्रम हा या प्रयोगाचा न विचारता लादलेला खर्च होता.

मार्च २०२४ मधील एक्सझेड प्रकरण याहून खोल गेले. जिया टॅन हे नाव वापरणाऱ्या व्यक्तीने दोन-अडीच वर्षे प्रामाणिक दिसणारे बदल देऊन त्या छोट्या पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संकोचन-प्रकल्पात मेंटेनरचा दर्जा मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट पेरली. दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे शोधताना आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरच्या ती लक्षात आली. येथे पॅचची शिस्त पाळली गेली होती, वागणूकही सभ्य होती. दमलेल्या एकट्या मेंटेनरवर काम सोडून देण्यासाठी आधी दबाव आणला गेला होता, आणि लेखी नियमांत या परिस्थितीवर काहीच तोड नव्हती.

यातून खऱ्या नावाची सक्ती असावी काय, हा जुना प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. कर्नलने २०२३ मध्येच ‘खरे नाव’ हा शब्दप्रयोग बदलून ‘ज्ञात ओळख’ एवढी अट ठेवली होती. निनावी योगदान चालत नाही, परंतु समाजात ज्या नावाने ओळख आहे ते चालते. हा बदल भारतीय वाचकांना लगेच पटेल. दक्षिणेत एकच नाव आणि आद्याक्षरे वापरणारे लोक असंख्य आहेत, आणि मराठी स्त्रीचे नाव लग्नानंतर मधल्या नावासकट बदलते किंवा बदलत नाही. त्यांपैकी ‘खरे’ कोणते हे ठरवण्याचा अधिकार प्रकल्पाला कोठून मिळणार? उलट बाजूचा मुद्दा असा, की ओळखीची पडताळणी पूर्णतः सोडली तर जबाबदारीची साखळी कागदावरच राहते.

७. भाषांतर आणि फाँट : मराठीशी येणारा संबंध

योगदान म्हणजे फक्त आज्ञावली नव्हे. भाषांतर आणि फाँट यांतील मराठी भाषकांचा सहभाग जुना आहे आणि तेथील नियमांनी वेगळे वळण घेतले आहे. ग्नोम प्रकल्पात प्रत्येक आवृत्तीपूर्वी शब्दगोठवण असते. ठरलेल्या तारखेनंतर पडद्यावर दिसणारे वाक्य बदलायचे असेल तर प्रोग्रामरला भाषांतरकारांची संमती घ्यावी लागते, नाही तर मराठी अनुवाद पूर्ण करून बसलेल्या माणसाचे काम आयत्या वेळी अपुरे ठरते. कोड लिहिणाऱ्यावर भाषेचे काम करणाऱ्याच्या हितासाठी बंधन घालणारे असे नियम फार थोडे आहेत, म्हणून त्याची नोंद आवर्जून घ्यावी लागते.

फाँटच्या बाबतीत चुकीची नोंद कशी करावी हेच मुळात शिकावे लागते. मराठीत ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतील आडव्या रेघेचा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’नंतर हलन्त आणि जोडणारे अदृश्य चिन्ह घालून. देवनागरी न वाचणाऱ्या मेंटेनरला नुसते ‘अक्षर चुकीचे दिसते’ असे कळवून काही उपयोग होत नाही. कोणत्या क्रमाने कोणती चिन्हे टंकली, काय दिसले आणि काय दिसायला हवे होते, ही तीन उत्तरे चित्रासह द्यावी लागतात. हिंदीला बरोबर असलेले रूप मराठीला चूक कसे, हेही समजावावे लागते. या मार्गाने झालेल्या दुरुस्त्या लाखो वाचकांच्या पडद्यापर्यंत पोहोचतात. परंतु स्वतः योगदाननियम बहुतांशी इंग्रजीतच आहेत. कर्नलच्या कागदपत्रांचे चिनी, जपानी, कोरियन, इटालियन आणि स्पॅनिश अनुवाद कोडसोबत ठेवलेले आहेत. भारतीय भाषांची जागा तेथे रिकामी आहे.

८. यंत्राने लिहिलेला कोड

गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात सर्वांत वेगाने बदलणारा प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने लिहिलेल्या कोडचा आहे. जेंटू या लिनक्स वितरणाने एप्रिल २०२४ मध्ये कॉपीराइट, गुणवत्ता आणि नैतिकता ही तीन कारणे देऊन असे योगदान नाकारले. नेटबीएसडी या कार्यप्रणालीने पुढच्याच महिन्यात असा कोड कायदेशीरदृष्ट्या संशयास्पद मानला जाईल असे ठरवले, आणि क्यूईएमयू या प्रकल्पाने २०२५ मध्ये उगमाच्या प्रमाणपत्राचाच आधार घेतला : यंत्राने दिलेल्या कोडचा उगम सहीकर्त्याला ठाऊक नसेल तर त्याची हमी तो कशी देणार? फेडोरा या लिनक्स वितरणाने मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये वेगळा मार्ग घेतला. साधन वापरल्याचे सांगावे आणि पूर्ण जबाबदारी माणसाने घ्यावी, या अटींवर तेथे मुभा आहे.

बंदीच्या विरोधकांचा मुख्य मुद्दा असा, की ती पाळली गेली की नाही हे तपासता येत नाही, त्यामुळे प्रामाणिकपणे सांगणाराच अडकतो. समर्थकांचे उत्तर असे, की कोड लिहिणे क्षणाचे झाले तरी तो तपासणे पूर्वीइतकेच कष्टाचे राहिले आहे, आणि हा तोल बिघडल्यावर नियम कडक करण्याखेरीज मेंटेनरच्या हाती काही नाही. दोन्ही मते पहिल्या विभागात मांडलेल्या पेचाकडेच परततात.

९. अनिर्णित राहिलेले

लिहिलेले नियम आणि प्रत्यक्ष व्यवहार यांतील अंतर हा अभ्यासकांपुढचा मोठा प्रश्न आहे. गिटहबवरील ५३ प्रकल्पांच्या २०१९ मधील एका पाहणीत सुमारे ६८ टक्के प्रकल्पांचा व्यवहार त्यांच्याच योगदाननियमांपासून लक्षणीय दूर गेलेला आढळला. नवागताने नियम वाचून पाळावेत आणि जुन्यांनी ते बाजूला ठेवून काम करावे, ही स्थिती नियमांवरचा विश्वास कमी करते.

दुसरा प्रश्न योगदान घेणेच आवश्यक आहे काय, हा. एसक्यूलाइटचा कोड सार्वजनिक मालकीचा असून तो कोणीही वापरू शकतो, परंतु बाहेरचा कोड तो प्रकल्प सर्वसाधारणपणे घेत नाही आणि तसे स्पष्ट सांगतो. नादिया एगबाल यांनी ‘वर्किंग इन पब्लिक’ या २०२० च्या पुस्तकात मेंटेनरचे अवधान हीच दुर्मीळ संपत्ती असल्याचे मांडले, तेव्हापासून या भूमिकेकडे अधिक सहानुभूतीने पाहिले जाते.

तिसरा प्रश्न सर्वांत कमी चर्चिला गेला आहे. योगदाननियम जवळपास सर्वत्र देणाऱ्याची कर्तव्ये सांगतात. घेणाऱ्याने किती दिवसांत उत्तर द्यावे, नकाराचे कारण द्यावे की नाही, याबद्दल ते बहुधा गप्प असतात. विनामोबदला काम करणाऱ्या मेंटेनरवर मुदतीचे बंधन घालणे अन्यायाचे होईल, हे खरे. तथापि आपल्या मर्यादा आधीच सांगणे त्याला अवघड नाही. कर्नलच्या मेंटेनरांच्या यादीत हे काम एका शब्दात केलेले आढळते. प्रत्येक उपविभागापुढे त्याची स्थिती लिहिलेली असते : ‘सपोर्टेड’ म्हणजे त्यासाठी कोणाला तरी पगार मिळतो, ‘मेंटेन्ड’ म्हणजे कोणीतरी लक्ष ठेवून आहे, ‘ऑड फिक्सेस’ म्हणजे माणूस आहे पण अधूनमधून एखादा पॅच घेण्यापलीकडे त्याला वेळ नाही, आणि ‘ऑर्फन’ म्हणजे या भागाला सध्या वाली नाही. पॅच पाठवण्यापूर्वी नवागताला तो शब्द वाचता येतो आणि आठवडाभर उत्तर आले नाही तर त्याचा अर्थ काय घ्यायचा हे त्याला ठाऊक असते.